ग्रीन टी, चयापचय आणि लठ्ठपणा : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

लठ्ठपणावरचा एक संदेश थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : चाळिशीनंतर चयापचय, म्हणजे शरीराची अन्नातून ऊर्जा मिळवून ती खर्च करण्याची प्रक्रिया, मंदावतो आणि त्यामुळे वजन वाढते, रोज सकाळी उपाशीपोटी आणि नंतर दिवसातून दोनदा मध घालून ग्रीन टी घेतला की चयापचय जागा होतो, पोटाची चरबी वितळते, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात येतात, शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, घाई असलेल्यांनी अर्काच्या कॅप्सूल घ्याव्यात, कारण नैसर्गिक असल्यामुळे त्यांत धोका नाही, आणि एवढे केले की आहारात बदल करण्याची गरज उरत नाही. हा संदेश सर्वस्वी खोटा असता तर तो खोडून काढणे सोपे होते. त्यातील दोन-तीन विधानांमागे खरे प्रयोग आहेत, म्हणून प्रत्येक विधान त्या प्रयोगांच्या मापाने तपासावे लागते.

पहिले गृहीतकच डळमळीत आहे. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तान्ह्या बाळांपासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंत सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या दैनंदिन ऊर्जाखर्चाची मोजमापे एकत्र तपासली गेली. शरीराचे आकारमान आणि चरबीविरहित वस्तुमान (स्नायू, अवयव, हाडे यांचे वजन) हिशेबात धरल्यावर हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असल्याचे दिसले. चाळिशीत वजन वाढते हा अनुभव खरा आहे, पण त्याचे खापर मंदावलेल्या चयापचयावर फोडता येत नाही. शिवाय जास्त वजनाचे शरीर चालवायला जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे लठ्ठ व्यक्तीचा एकूण ऊर्जाखर्च सहसा सडपातळ व्यक्तीपेक्षा अधिकच असतो.

‘ग्रीन टीने चयापचय वाढतो’ या विधानाचा उगम बहुतेक वेळा १९९९ सालच्या एका प्रयोगात सापडतो. दहा निरोगी पुरुषांना दिवसातून तीनदा ग्रीन टीचा अर्क देण्यात आला. प्रत्येक मात्रेत ५० मिलिग्रॅम कॅफीन आणि ९० मिलिग्रॅम इजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतील प्रमुख कॅटेचिन (चहाच्या पानांतील एका गटाचे रसायन), होते. चोवीस तासांचा ऊर्जाखर्च सुमारे ४ टक्क्यांनी वाढला आणि तेवढेच कॅफीन नुसते दिले असता तसा परिणाम दिसला नाही. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि परिणामही खरा होता. परंतु ४ टक्के म्हणजे त्या पुरुषांच्या बाबतीत दिवसाला साधारण ८० कॅलरी. आता संदेशातील मधाचा हिशेब मांडू. एक टेबलस्पून मध सुमारे २० ग्रॅम भरतो आणि त्यातून साठच्या वर कॅलरी मिळतात. तीन कपांत मिळून जवळपास १९० होतात. जे पेय ८० कॅलरी जाळून देईल असे सांगितले जाते, त्यातच त्याच्या दुप्पट कॅलरी घालण्याचा सल्ला हा संदेश देतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्या कोणाच्याही हे लक्षात आलेले दिसत नाही.

तरीही महिनोन्महिने बिनसाखरेचा ग्रीन टी प्यायल्यास ही छोटी वाढ साचत जाऊन वजन उतरेल, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो तपासलाही गेला आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्यात किमान १२ आठवडे चाललेल्या १८ चाचण्या आणि १९४५ सहभागी होते. जपानबाहेर झालेल्या चाचण्यांत ग्रीन टी घेणारा गट आणि तुलनेचा गट यांच्या वजनातील सरासरी फरक ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम निघाला. पेलाभर पाणी प्यायल्यावर वजनकाटा याहून अधिक सरकतो. जपानमधील चाचण्यांत हा फरक ०.२ ते ३.५ किलो इतका विखुरलेला होता, आणि त्या परस्परांपासून इतक्या भिन्न होत्या की त्यांची एकत्र सरासरी काढणे संशोधकांनी टाळले. पोटातील चरबी घटल्याचे ज्या जपानी चाचणीच्या आधारे सांगितले जाते, तिच्यात कॅटेचिनचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले पेय वापरले होते. पाचशे मिलिग्रॅमहून अधिक कॅटेचिन रोज, १२ आठवडे. तो निष्कर्ष घरच्या एखाद-दुसऱ्या कपाला जसाच्या तसा लावणे योग्य नाही.

साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्याबाबत हा संदेश सत्याच्या सर्वांत जवळ जातो. २०११ सालच्या १४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ग्रीन टीमुळे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल रक्ताच्या दर डेसिलिटरमागे सरासरी २ मिलिग्रॅमच्या आसपास घटल्याचे दिसले, आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा अशा विश्लेषणांत साधारण दीड मिलिग्रॅमने उतरलेली आढळते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही घट खरी आहे, पण एलडीएल १६० असलेल्या रुग्णाचे ते १५८ झाले म्हणून कोणताही डॉक्टर उपचार बदलणार नाही. तुलनेसाठी आहारातील एकच बदल घ्या : ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला, तर एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास उतरते.

विषारी द्रव्ये बाहेर टाकण्याच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि कोणते द्रव्य किती प्रमाणात बाहेर पडते हे असे संदेश कधीच सांगत नाहीत.

कॅप्सूलचा सल्ला मात्र चुकीच्या पुढे जाऊन धोकादायक ठरतो. पाण्यात उकळलेल्या ग्रीन टीतून युरोपीय लोकांना दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम इजीसीजी मिळते, असा अंदाज युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली मांडला आणि असे पेय सामान्यतः सुरक्षित मानले. अर्काच्या पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक इजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात मात्र यकृताला इजा झाल्याची खूण असलेली एन्झाइम्स वाढलेली आढळली. काही व्यक्तींमध्ये जनुकीय ठेवणीमुळे हा धोका अधिक असतो आणि तो सहसा आधी लक्षात येत नाही. यानंतर २०२२ साली युरोपीय संघाने अशा उत्पादनांवर ‘उपाशीपोटी घेऊ नये’ ही सूचना छापणे बंधनकारक केले, कारण रिकाम्या पोटी इजीसीजीचे शोषण वाढते. व्हायरल संदेशातील सल्ला याच्या नेमका उलट आहे. साधे पेयही औषधांच्या बाबतीत अगदीच निरुपद्रवी नसते : रक्तदाबावरील नॅडोलॉल या औषधाची रक्तातील मात्रा रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी घेतलेल्या स्वयंसेवकांमध्ये सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे जपानी संशोधकांनी २०१४ साली दाखवले. लठ्ठपणासोबत रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांची संख्या पाहता, ही माहिती अशा संदेशांत सर्वांत आधी यायला हवी होती.

आता ‘आहार बदलण्याची गरज नाही’ हा शेवटचा आणि सर्वांत महागात पडणारा दावा. चयापचयाचे आरोग्य कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) यांवरून जोखले जाते, आणि या पाचांवर एकाच वेळी परिणाम करणारे साधन म्हणजे आहार व हालचालीतून घटवलेले वजन. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३२३४ व्यक्तींपैकी ज्यांना वजन ७ टक्क्यांनी घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण औषधविरहित गोळी दिलेल्या गटाच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने ही घट ३१ टक्के होती. ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार देखरेखीखाली दिल्यावर वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांचा टाइप २ मधुमेह औषधांविना नियंत्रित राहिला. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. आहार कमी चरबीचा असावा की कमी कर्बोदकांचा, यावरचे वाद मला अवाजवी वाटतात : २०१८ सालच्या ६०९ जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले होते.

या सगळ्यात ग्रीन टीला जागा आहे, पण ती गोड पेयाच्या बदल्यात. साखरेच्या शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात. त्या जागी बिनसाखरेचा ग्रीन टी आला तर होणारी बचत १९९९ च्या प्रयोगातील ८० कॅलरींपेक्षा जास्त आहे. त्याच जागी साधे पाणी प्यायले तरीही ती तेवढीच होते. उतरलेले वजन टिकवण्यासाठी तरी ग्रीन टीचा उपयोग होईल, ही आशाही कॉक्रेनच्या आढाव्याने तपासली होती. त्या चाचण्यांतही ग्रीन टी घेणारे आणि न घेणारे यांच्यात अर्थपूर्ण फरक आढळला नाही.