सात जीन्स आणि एक गोधडी

सगळा दोष त्या गाळणीचा. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत बोहारीण आली, तेव्हा मी घरातल्या सात जुन्या जीन्स तिच्यापुढे टाकल्या. नवऱ्याच्या चार, मुलाच्या तीन. (मुलाच्या विकत आणतानाच फाटक्या होत्या, त्यामुळे टाकून द्यायच्या कधी ते कळतच नाही.) तिने एक उचलून उजेडात धरली, गुडघ्याच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि टोपलीतून चहाची गाळणी काढली. तीही प्लास्टिकची.

"राहू दे बाई, मी यांची गोधडी शिवीन," मी तावातावाने म्हटलं.

सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "पँटस्नी गोधडी? लेवानी शे का कोनले फेकी मारानी शे?"

त्यांची गोधडी म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे थर आणि मुंगीच्या रांगेसारखा धावदोरा. चार दुपारी, चार शेजारणी, गोधडी तयार. मी एकटी, महिना मे, बाहेर त्रेचाळीस अंश आणि लाईट गेलेली. मांडीवर जीन्स घेऊन बसलं की शेकोटी घेऊन बसल्यासारखं वाटे.

जीन्सची आतली शिवण दोन्हीकडून दुमडून मारलेली असते. ती उसवता उसवता पहिल्याच दिवशी अंगठ्याला फोड आला, म्हणून पुढे शिवणी सरळ कापूनच टाकल्या. वीतभराचे चौकोन पाडले, सात आडवे, नऊ उभे. मशीनला नेहमीची चौदा नंबरची सुई होती, ती तिसऱ्या चौकोनाला गेली. सोळा नंबरची आणली. चार चौकोन जिथे भेटतात तिथे कापडाचे आठ थर होतात, तिथे तीही कण्हायला लागली. मग शिंप्याने सांगितलं, "जोड ठोकून चपटा करा ताई." मी खलबत्त्यातला बत्ता घेतला. त्या आठवड्यात आमच्याकडे ठेचा झाला नाही, आणि झाला तेव्हा नवऱ्याला त्यात निळा दोरा सापडला.

हौसेने एक मागचा खिसा तसाच ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यातल्या रिव्हेटवर दुसरी सुई मोडली. खिसे उसवू नयेत म्हणून तांब्याचं रिव्हेट ठोकायची युक्ती जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची. लेव्हाय स्ट्रॉसबरोबर त्याने तिचं पेटंट घेतलं, २० मे १८७३ ला. म्हणजे तिकडेही मे महिनाच. खिसा आजतागायत शाबूत आहे. माझ्या सुईचं कोणी पेटंट घेतलं नव्हतं.

आत जुनी चादर, खाली सासूबाईंची दोन लुगडी. रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेचार किलो भरली. पहिल्यांदा भिजवली तेव्हा एकटीला पिळता येईना. नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या. पिळलेलं पाणी खाली बादलीत भिजत पडलेल्या सासूबाईंच्या पांढऱ्या पातळावर. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो, आडवा पांढरा. त्यातला उभा बराचसा पातळात उतरला. सासूबाई म्हणाल्या, नीळ घालायचे पैसे वाचले. हे कौतुक होतं की नाही ते मी विचारलं नाही.

उन्हाळाभर गोधडी कपाटावर बसून राहिली. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून मागितली. आता खिशात चष्मा असतो, तपकिरीची डबी असते, आणि खाली सासूबाई. कूस बदलायची झाली की रात्री दोन वाजता आतून हाक येते.

"हाई उचल वं माय, माले फिरनं शे."