स्थिर म्हणे!

'स्थिर' म्हणजे नक्की काय, ते एकदा कोणीतरी सांगा मला. मामाच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरची लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) मी अपग्रेड केली. हौस म्हणून नाही, जुन्या आवृत्तीचे सिक्युरिटी अपडेट बंद होणार होते म्हणून. त्यातही मुद्दाम एलटीएस घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं अपडेट मिळणारी, 'स्थिर' म्हणवली जाणारी आवृत्ती; पुढची काही वर्षं हात लावायला नको. आणि ऐन जूनमध्ये, दाखले-मार्कशीट घेऊन पोरं रांगेत उभी असताना, स्कॅनरचा प्रोग्रॅम दुसऱ्या पानालाच मान टाकतो! आवृत्ती बघितली तर ०.९, आणि खाली स्वच्छ लिहिलंय: बीटा, म्हणजे चाचणीपुरती कच्ची आवृत्ती. शून्याने सुरू होणारं सगळंच कच्चं नसतं, कबूल. पण हा लिहिणारा स्वतःच सांगतोय की माझं अजून व्हायचंय! तरी लिनक्स बांधून देणाऱ्या ह्या लोकांनी वर्षानुवर्षं मुकाट चालणारा जुना प्रोग्रॅम काढून तिथे हा आणून बसवला.

मामा म्हणाला, "अरे, चालत होतं ना आधी?" काय सांगणार त्याला?

बरं, हा रोग आजचा नाही. २००० साली रेड हॅट कंपनीने आपल्या रेड हॅट लिनक्स ७.० मध्ये जीसीसी २.९६ हा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) दिला. शेवटी जीसीसीवाल्यांनाच जाहीर करावं लागलं की बाबांनो, २.९६ अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही! काम चालू होतं, त्यातलंच अर्धवट उचलून दिलेलं.

पण माझं डोकं खरं फिरतं ते उबुंटू ह्या लिनक्सची ८.०४ आठवली की. ही एलटीएस आली २४ एप्रिल २००८ ला. डेस्कटॉपला तीन वर्षं सपोर्ट. आणि ब्राउझर कुठला? फायरफॉक्स ३ बीटा ५! माणूस कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी जे उघडतो, तेच कच्चं. कित्येक ॲड-ऑन चालेनात. वर त्या फायरफॉक्सला ऊठसूट डिस्कवर लिहायची खोड, आणि ext३ फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची तेव्हाची पद्धत) एवढ्याशा नोंदीसाठीही साठलेलं सगळं आधी डिस्कवर उतरवावं लागायचं. डिस्कवर दुसरं मोठं काम चालू असलं, की पान उघडता उघडता ब्राउझर गोठलाच.

उबुंटूवाल्यांची बाजूही ऐकून घेतली मी. फायरफॉक्स २ चा सपोर्ट त्याच वर्षी संपणार होता (डिसेंबरात संपलाही), मग तीन वर्षं तो सांभाळणार कोण? मुद्दा बरोबर. पण फायरफॉक्स ३ पक्का होऊन आला १७ जूनला. दोन महिनेसुद्धा नाहीत! थांबायचं की! आणि थांबता येत नव्हतं असंही नाही. आधीची एलटीएस एप्रिल २००६ मध्ये यायची होती, ती ह्याच लोकांनी सहा आठवडे पुढे ढकलली आणि ६.०६ म्हणून जूनमध्ये काढली. कोणाचं काही अडलं नाही. मग २००८ मध्येच असा कुठला मुहूर्त टळत होता?

तरी खोड जात नाही. २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये जीएनयू प्रकल्पाच्या जुन्या छोट्या कमांड काढून रस्ट ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिलेल्या घातल्या, ज्यांचा आवृत्ती क्रमांक अजून एकपर्यंतही पोचला नव्हता. त्यातल्या date ह्या कमांडला फाइल शेवटची कधी बदलली असं विचारलं, की पठ्ठ्या आत्ताची वेळ सांगायचा. परिणाम? आपोआप अपडेट तपासणंच बंद पडलं काही मशीनवर. म्हणजे दुरुस्ती ज्या वाटेने यायची, तीच वाट बंद! वर सांगणार, "ही एलटीएस नाही हो, पुढच्या एलटीएसआधीची चाचणी आहे." मग नाव चाचणी ठेवा ना! डेबियन ह्या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी सरळ 'टेस्टिंग' आणि 'अनस्टेबल' अशी नावं ठेवलीत. ज्याला खाज असेल तो जातो तिकडे. मी स्वतः घरी तेच वापरतो, मोडलं की रात्रभर निस्तरत बसतो, तक्रार नाही. पण मामाच्या दुकानात रांग असते.

सध्या तो पोरांच्या दाखल्यांचे मोबाइलवर फोटो काढून प्रिंट देतोय. पानामागे दोन रुपये कमी घेतो, सावली पडते म्हणून.