काळजीच वाटते हो!

स्वतःच्या पोराची बढाई मारू नये, हे आपल्याकडे आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगून ठेवलंय. पण साडेचार वर्षांचं पोर चर्चगेट ते विरार स्टेशनं घडाघडा म्हणत असेल, तर ते पोटात ठेवायचं तरी कसं? ॲसिडिटी होते. तेव्हा सांगा, जरूर सांगा. फक्त ते कौतुक वाटता कामा नये, तक्रार वाटली पाहिजे.

"आमच्या मुलीला वाचता येतं" हे झालं अडाण्यांचं काम. तुम्ही म्हणायचं, "अहो, हिचं काय करावं कळत नाही. बेस्टच्या बसमध्ये चढली की पाट्या वाचत सुटते. काल 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' इतक्या मोठ्यांदा वाचलं की तिथे बसलेला मुलगा उठूनच उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!" बोलताना कपाळावर आठी हवी, ती विसरू नका. समोरची बाई "अगंबाई, एवढ्यात वाचते?" म्हणाली, की आपण भाबडेपणाने म्हणायचं, "म्हणजे? या वयाची सगळीच वाचत नाहीत?" हे वाक्य आधी आरशासमोर म्हणून बघा. हसू दाबणं वाटतं तितकं सोपं नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: "कसं शिकवलंत?" उत्तरही ठरलेलं: "कुठे हो, सगळं आपलं आपणच." मात्र त्याआधी बाथरूमच्या दारामागे चिकटवलेला पाढ्यांचा तक्ता काढून ठेवावा. पाहुणे हात धुवायला तिथेच जातात.

आता पाहुण्यांपुढचा प्रयोग. "काकांना म्हणून दाखव" असं चुकूनही म्हणू नका. पोर सोफ्याखाली जाऊन बसेल. "नको रे, काकांना कंटाळा येईल," म्हणा, की गाडी चर्चगेटहून सुटलीच म्हणून समजा. या प्रयोगात आजोबांचं काम मोठं. लोअर परळ झालं की त्यांनी मध्येच "एल्फिन्स्टन!" म्हणायचं आणि नातवाने कमरेवर हात ठेवून "आजोबा, प्रभादेवी!" असं दटावायचं. स्टेशनचं नाव बदललं २०१८ मध्ये, म्हणजे नातवाच्या जन्माआधी. आजोबांच्या तोंडी जुनंच बसलंय, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मात्र तेच पाहुणे दिवाळीत पुन्हा आले, तर आजोबांना गॅलरीत बसवा.

अंधेरीला गाडी अडली, तर "जो… जो…" असे ओठ हलवू नका. तालीम उघडी पडते. "सिग्नल लागला वाटतं," म्हणून चहा पुढे करा. आणि पुढचं स्टेशन सांगण्याऐवजी चिरंजीवांनी "शू लागली" असं जाहीर केलं, तर विरारचं नंतर बघू.

खेळाडू अपत्याच्या पालकांनी जास्त सांभाळावं. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हापासून प्लॅस्टिकची बॅट धरलेल्या प्रत्येक पोराचे पाय दादरकरांना पाळण्यातच दिसतात. तरी सचिनचं नाव आपण घ्यायचं नाही. "ह्याची उंची जरा कमीच आहे हो, काळजी वाटते," एवढंच बोलून शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर गप्प बसायचं. गावसकरांपासून सुरुवात करून समोरचा माणूस बरोबर येतो सचिनपर्यंत.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ 'चुकून' जाऊ द्या. "सॉरी, फॅमिली ग्रुपवर टाकायचा होता," हेही लिहा. डिलीट करू नका.

कधीकधी मात्र ऐकण्याची पाळी आपल्यावर येते. मजल्यावरच्या वहिनी जिन्यात गाठून म्हणतात, "आमच्या पिल्लूने अख्खी रामरक्षा पाठ केली हो, बाई म्हणाल्या इतक्या लहान वयात बघितलं नाही." त्यांना एवढंही कळत नाही की हे तक्रारीच्या सुरात सांगायचं असतं. अशा वेळी "आमचा तर दोन वर्षांचा असल्यापासून…" हा मोह आवरा. ती उघड बढाई झाली. गोड हसून फक्त विचारा, "क्लास कुठे लावलाय?"

"छे हो, सगळं आपलं आपणच," असं त्या म्हणणारच. मग एक दिवस चहाला जा आणि गेल्या गेल्या हात धुवायला बाथरूम कुठे आहे ते विचारा.