श्यामच्या आईला रडूबाई म्हणण्याआधी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मुलांसाठी पुस्तकांचं कपाट होतंय. यादीत साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ दिसल्याबरोबर ग्रुपवर तो जुनाच मेसेज येऊन पडला: ‘हे पुस्तक मुलांना भित्रं आणि रडकं करतं. यातली आई नुसती सोसते, रूढीपुढे मान तुकवते. धैर्य शिकवायचं तर लढाईच्या गोष्टी द्या.’ नौपाड्यातल्या मावशीनेही तोच पाठवला. तेव्हा म्हटलं, लिहावंच.

भित्रं? पोहायला जायला नको म्हणून श्याम घरात लपून बसतो, ती रात्र वाचा. (यात प्रकरणं नाहीत, 42 रात्री आहेत.) आई त्याला शोधून काढते, शिंपटीने झोडपते आणि पोहायला धाडते. आपल्या पोराला कुणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. मारणं मला पटत नाही. पण भित्रेपणा पोसणारी आई ही नव्हे.

नुसती सोसते? कर्जवसुलीला आलेला माणूस वडिलांना वाटेल ते बोलतो, आणि ते बोलणं बायकोपर्यंत घसरतं. तेव्हा हीच बाई आतून बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालता हो म्हणते. घर कर्जात बुडालेलं, सावकाराच्या हातात सगळं, आणि परक्या पुरुषासमोर बाईने तोंड उघडायचं नाही असा तो काळ. पुढे काय होईल, हे तिला कळत नव्हतं थोडंच!

रूढीचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. महार समाजातल्या म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. शिवाशिवीपायी कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, मग येऊन आंघोळ कर. मेसेजवाले त्या आंघोळीवर बोट ठेवतात आणि बरोबर ठेवतात. ती अस्पृश्यताच आहे. पण त्या गावात, त्या घरातल्या बाईने मुलाला भर रस्त्यात तिथे पाठवणं हे पहिलं पाऊल होतं, आणि लोक नावं ठेवणार हे माहीत असताना टाकलेलं. ते अपुरं होतं, हे गोष्ट सांगणाऱ्यालाही उमगलं असावं. याच साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं, आणि मंदिर खुलं झालं.

लढाईच्या गोष्टी हव्या तेवढ्या आणा, कपाट मोठं आहे. फक्त ज्याला ‘रडका’ म्हणताय, त्याने हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात, इंग्रजांचा कैदी म्हणून लिहिलंय. माझी सूचना एवढीच, की मोळीची गोष्ट मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका. शेजारी बसा. आंघोळ का करायची, हे ती विचारणारच.