फ्लूमध्ये वरण बंद करायला सांगणाऱ्या संदेशाविषयी

‘फ्लूचा विषाणू शरीरातील प्रथिननिर्मिती बंद पाडतो, त्यामुळे डाळ, दूध, अंडी पचत नाहीत; ती विषाणूचेच खाद्य होतात, म्हणून ताप उतरेपर्यंत वर्ज्य करावीत; फ्लूची लसही पेशींत हाच बिघाड करते,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यावर विश्वास ठेवून माझ्या 72 वर्षांच्या मावशीने तापाचे चार दिवस निव्वळ भाताच्या पेजेवर काढले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिल्या विधानात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. फ्लूचा इन्फ्लुएन्झा ए विषाणू पेशीच्या एमआरएनएचे (प्रथिन कसे बनवायचे याचा निरोप नेणाऱ्या रेणूचे) टोक कापून स्वतःच्या एमआरएनएला जोडतो. त्याचे एनएस1 हे प्रथिन पेशीचे नवे एमआरएनए पक्के होऊ देत नाही, आणि 2012 मध्ये उजेडात आलेले पीए-एक्स हे त्याचे दुसरे प्रथिन तयार एमआरएनएचे तुकडे करते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये मानवी फुप्फुसाच्या पेशींवर दाखवून दिले, की पेशीची प्रथिने घटतात ती मुख्यतः तिचे एमआरएनए कमी झाल्यामुळे. आणि तेही सरसकट घटत नाहीत, ऊर्जानिर्मितीशी संबंधित काही एमआरएनए बऱ्याच अंशी टिकून राहतात. हे सारे घडते ते संसर्ग झालेल्या पेशीत, म्हणजे प्रामुख्याने श्वसनमार्गाच्या अस्तरात. संदेश लिहिणाऱ्याने ‘पेशी’च्या जागी ‘शरीर’ हा शब्द घातला, आणि तेथेच सारा घोटाळा झाला.

सर्वांत घातक विधान आहे ते ‘विषाणूच्या खाद्या’चे. विषाणू काही खात नाही. पेशीत आधीच असलेली अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) आणि पेशीचेच रायबोसोम (प्रथिने जुळवणारी यंत्रणा) वापरून तो आपली प्रथिने बनवून घेतो. ताटातले वरण काढून घेतले म्हणून ही अमिनो आम्ले संपत नाहीत, कारण आहारातून मिळाली नाहीत तर शरीर ती स्वतःचे स्नायू मोडून रक्तात आणते. म्हणजे उपासमार विषाणूची होत नाही, झिजतात ते रुग्णाचे स्नायू, आणि उतारवयात ते सहजी भरून येत नाहीत. शिवाय विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे हीदेखील प्रथिनेच असतात.

पचनाचा तर येथे संबंधच नाही; ते जठर आणि आतड्यांतले काम आहे. भूक मंदावते हे खरे, पण त्यासाठी पातळ वरण, ताक, मऊ खिचडी थोडी थोडी द्यावी. लसीच्या इंजेक्शनात निष्क्रिय केलेला विषाणू किंवा त्याचे अंश असतात. तो पेशीत वाढतच नाही, मग तिचे एमआरएनए कापणार कसा?

मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना प्रथिने मोजून घ्यायला सांगितलेली आहेत, त्यांनी मात्र तापातही आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.