‘एवढं प्रेम असेल तर झाकून ठेवा’ म्हणणाऱ्या वाचकाला

माझ्या जुन्या हेरल्ड मोटारीवरच्या लेखाखाली ‘काका’ म्हणून सुरुवात केलीत आणि पुढं चार मुद्द्यांत धुऊन काढलंत. चालतंय की. ‘गाडी लई भारी’ एवढं लिहून निघून जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही शेवटपर्यंत वाचून भांडायला आलात, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. साठीला आलेली हेरल्ड रोज कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगावला नेणं म्हणजे श्रीमंतांची हौस, फुकटात प्रदूषण आणि माझा धूर लोकांच्या नाकात. वर तिला ना एअरबॅग, ना धड ब्रेक. त्यात ती मद्रासला बनलेली, म्हणजे ब्रिटिश म्हणून मिरवायचाही मला हक्क नाही. आणि खरंच जीव असेल तर सरकारनं व्हिंटेजची सोय केलीय, तशी नोंदवून ती जपावी. तुमच्या मामांची हेरल्ड गडहिंग्लजला बारा वर्षं शेडमध्ये झाकून आहे, अंगावर एक ओरखडा नाही.

मद्रासचं आधी उरकतो. तुमचं बरोबर आहे. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून ही गाडी मद्रासला बनवली. मूळची ती कव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फची, 1959 सालची, आणि बॉडीचं डिझाइन तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. मद्रासला ती सहज बनू शकली त्यामागं एक गंमत आहे. बॉडी पुरवणारी कंपनी प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतल्यामुळं ट्रायम्फला सबंध बॉडी एका जागी करून मिळेना. मग त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी (खालचा सांगाडा) ठेवली आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळीकडं बनवून तिच्यावर बोल्टनं आवळले. तुकड्यांची गाडी पेट्यांतून कुठंही पाठवता येते आणि कुठंही जोडता येते. त्याचा फायदा आज मला होतो. एक मडगार्ड सडलं तर तेवढंच सोडवून आणता येतं. तेव्हा ब्रिटिश की इटालियन की मद्रासी, हा वाद तुम्ही जिंकलात असं समजा. नटबोल्ट मात्र पक्के इंची आहेत. अर्धा इंच डोक्याच्या बोल्टला कुणी तेराचा पान्हा लावायला आला की मी त्याचा हात धरतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, तेराचा पान्हा बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो.

आता धूर. इथं तुमचं पारडं जड आहे. माझ्या जमान्याच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 1500 पीपीएम हायड्रोकार्बनपर्यंत सूट असते. बीएस-फोर किंवा त्यापुढच्या गाडीला 0.3 टक्के आणि 200. कार्बन मोनॉक्साइडमध्ये दहापट आणि हायड्रोकार्बनमध्ये साडेसातपट फरक आहे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) नसलेल्या इंजिनाकडून फार वेगळी अपेक्षा करता येत नाही. ‘नवी गाडी बनवतानाही कार्बन जातोच की’ हा जुन्या गाडीवाल्यांचा लाडका युक्तिवाद मी करणार नाही. सिग्नलला माझ्यामागं स्कूटरवर थांबलेल्या बाईच्या नाकाला तो हिशेब पटत नाही. माझ्या हातात एवढंच आहे की ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप 15 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), व्हॉल्व्हच्या टॅपेटची गॅप थंड इंजिनावर 10 थाऊ, कार्बोरेटरचं मिक्सचर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होऊ द्यायचं नाही आणि लांबलचक सिग्नलला इंजिन बंद करायचं. काळा धूर असला तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असला तर ऑइल जळतंय. निळा दिसूनही जो गाडी तशीच दामटतो त्याला तुम्ही जरूर शिव्या घाला, मीही घालीन.

इंजिन बंद करण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडं बहुतेकांना सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून उभं राहायची सवय. ट्रायम्फच्या या इंजिनांत तेवढा वेळ सगळा दाब क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे त्याला मागंपुढं सरकू न देणाऱ्या चकत्यांवर येतो. ते झिजत झिजत एक दिवस निसटून सम्पमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) पडतात आणि मग क्रँक थेट ब्लॉकवर घासायला लागतो. म्हणून न्यूट्रल करायचं, पाय काढायचा. अधूनमधून कुणाला तरी आत बसवून क्लच दाबायला सांगायचा आणि आपण पुढून क्रँकच्या पुलीकडं बघायचं. डोळ्याला दिसण्याइतकी पुली पुढं सरकली तर गाडी त्या दिवसापासून बंद.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही लिहिलंय त्याहून जास्त मीच सांगतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि हायड्रॉलिकची लाइन एकच. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळाला तरी पॅडल खाली जातं आणि चारही ब्रेक जातात. मागं स्विंग अॅक्सल, म्हणजे अॅक्सलसकट चाक वरखाली झुलतं. वळणात जोरात शिरून मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं मागचं चाक आत दुमडू बघतं. त्यामुळं पन्हाळ्याच्या घाटात सगळा वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळण हलक्या अॅक्सिलरेटरवर काढायचं. पुढच्या दोन्ही सीटना बेल्ट बसवून घेतलेत. हायवेला डाव्या लेनमध्ये असतो, मागून ट्रकवाले हॉर्न मारतात, मारू देत. लहान पोरांना घेऊन जायचं असलं तर घरातली दुसरी गाडी निघते. एवढं करूनही नव्या गाडीइतकी सुरक्षित ती होणार नाही, हे गृहीत धरूनच मी स्टिअरिंगवर बसतो.

राहिला चौथा मुद्दा. माझं तुमच्याशी खरं भांडण तिथंच आहे, कारण झाकून ठेवणं म्हणजे जपणं असं तुम्ही धरून चालला आहात.

आधी कायद्याचं बघू. जुलै 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. लक्ष्मीपुरीत बाजार करायला नाही. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा मीही गर्दीत उभा राहून बघतो. त्या गाडीला वर्षातून एक दिवस शोभतो. माझी गाडी कारकुनांची, डॉक्टरांची, मास्तरांची. ती कामावर जायलाच बनली होती. म्हणून मी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवून घेतो. वीस वर्षांपुढच्या मोटारीला त्याची फी 2025 पासून दहा हजार झालीय, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे ‘फुकटात प्रदूषण’ असं जे तुम्ही लिहिलंत ते तेवढं खरं नाही.

आता झाकलेल्या गाडीच्या आत काय चालतं ते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी रोज चालली तर ब्रेकचे पिस्टन मागंपुढं होत राहतात. उभी राहिली तर ते पाणी सिलिंडरला गंज आणतं आणि पिस्टन तिथंच चिकटतो. टाकीतल्या पेट्रोलचंही तेच. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे (आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांची कृपा, ऊसवाल्यांनी राग धरू नये). इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. मी पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या मटेरियलचे टाकलेत आणि टाकी आठवड्याच्या आत फिरती ठेवतो. शेडमधल्या टाकीत तेच पेट्रोल वर्षभर राहिलं की टाकी आतून गंजते आणि कार्बोरेटरमध्ये खळ बसते. आणि ‘आम्ही दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करतो’ म्हणणाऱ्यांचं तर आणखी वाईट. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही, इंजिनात जमलेलं पाणी उडून जात नाही, सायलेन्सर आतून ओला राहतो. गोकुळ शिरगावपर्यंत सलग पळाली की हे सगळं जाळून निघतं.

या गाडीचा खरा जीव मात्र पुढच्या चाकांमागच्या ट्रुनियनमध्ये आहे. हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं पालथं होतं. चाकावर बसून काम करता येतं, पाठ वाकवावी लागत नाही. तिथं खाली बघा. चाक ज्या उभ्या लिंकवर फिरतं तिचं खालचं टोक आट्यांचं आहे आणि ते ट्रुनियनच्या पितळी घरात बसतं. स्टिअरिंग फिरवलं की आटे आत फिरतात, एका बाजूला उजवे, दुसऱ्या बाजूला डावे. त्यात घालायचं नव्वद नंबरचं गिअर ऑइल. ग्रीस नाही! सर्व्हिसिंगवाल्या पोराच्या हातात ग्रीसगन असते, तो दिसेल तिथं ग्रीस मारतो, आणि तिथं मारलेलं ग्रीस वाळून घट्ट होतं. मग आट्यांपर्यंत वंगण पोचत नाही, पावसाचं पाणी मात्र पोचतं. गंज धरतो, लिंकला आट्यांच्या वरच्या टोकाशी चीर जाते आणि एखाद्या खड्ड्यात चाक आडवं होतं. हे सगळं बाहेरून दिसत नाही. रंग चकाकत असतो. मी पावसाळ्याआधी आणि नंतर ट्रुनियनचा प्लग काढून तिथं निपल (गन लावायचं तोंड) बसवतो आणि वरून ताजं ऑइल पाझरेपर्यंत गन मारतो. बाहेर येणारं जुनं ऑइल बोटावर घेऊन चोळून बघायचं. तांबूस पाणी किंवा कचकच लागली तर खोलायचं.

रोज चालवणाऱ्याला हे कळतं, कारण स्टिअरिंग जड झालं की दुसऱ्या दिवशी हाताला जाणवतं. सुटे भाग मिळत नाहीत ही ओरडही कोल्हापुरात बसून कुणी करू नये. उद्यमनगरात नमुना घेऊन गेलं की गनमेटलचा बुश लेथवर काढून मिळतो आणि टर्नर वर विचारतो, ‘फिट किती थाऊचा पाहिजे?’ श्रीमंतांची हौस म्हणालात, पण महिन्याचा खर्च गाडी उभी असताना थांबत नाही, साठत जातो. शिवाय 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं, तेव्हा ज्या गाड्या सुरू होत होत्या त्याच वर काढता आल्या.

आता मामांच्या गाडीचं. बारा वर्षं उभी असेल तर कुणीही उत्साहानं बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका, ढकलस्टार्ट तर नकोच. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून, चाकं जाम नसतील तर, गाडी हातानं मागंपुढं हलवा आणि फॅन फिरतो का बघा. फिरला तर इंजिन वाचलंय. अडला तर जोर करू नका, पुन्हा ऑइल आणि पुन्हा वाट. टाकी पूर्ण रिकामी करून आतून बघा. ब्रेक आणि क्लचची सगळी रबरं नवी, ऑइल नवं, पाइप नवे. टायर कितीही नवे दिसले तरी बारा वर्षांचे आहेत, ते बदला. आणि गाडी शेडच्या बाहेर काढण्याआधी दोन्ही ट्रुनियनचे प्लग उघडा. आतून कडक ग्रीस निघालं तर ती गाडी ट्रेलरवर घालून कोल्हापूरला आणा, चालवत आणू नका.