‘तीन महिन्यांत पायलट’: मोपाच्या नावाने फिरणाऱ्या निरोपाला उत्तर

उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या नावाने फिरणारा हा निरोप गेल्या पंधरवड्यात मला सात जणांनी पाठवला. पेडण्याच्या एका आईने तो पाठवून खाली एवढंच लिहिलं होतं, “टीचर, हें खरें?” तिचा मुलगा अकरावीला माझ्याकडे फिजिक्स शिकतो. टोकनचे पैसे भरायला गळ्यातली साखळी गहाण ठेवायचं घरात ठरलं होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निरोप असा: “मोपा झाल्यामुळे गोव्यात पायलटांना प्रचंड मागणी! हौसेसाठी छोटं विमान किंवा पॅरामोटर उडवायला परवाना लागतच नाही. दहावी पास झालात की १६ व्या वर्षी स्टुडंट लायसन्स, मित्र-नातेवाइकांना फिरवा. ४० तासांत म्हणजे तीन महिन्यांत पूर्ण पायलट, थेट एअरलाइनमध्ये. चष्मा असणाऱ्यांनी अर्ज करू नये. परदेशातलं लायसन्स भारतात जसंच्या तसं चालतं. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कसलाच नियम नाही, घरीच सराव सुरू करा. टोकन २५ हजार, जागा मर्यादित.”

मी एअरलाइनची पायलट नाही. शिक्षिकेच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या एका धावपट्टीवर जाऊन मी प्रायव्हेट पायलट लायसन्स मिळवलं. या निरोपातले १६ आणि ४० हे आकडे खरे आहेत, हे मी आधीच सांगते. ते खरे असल्यामुळेच माणसं फसतात. आकडे खरे, पण ते ज्याला चिकटवलेत ते खोटं.

“हौसेसाठी उडवायला परवाना लागतच नाही.” सगळ्यात घातक वाक्य हे, म्हणून आधी हे घेते. ते अमेरिकेच्या व्हिडिओंमधून आपल्याकडे आलंय. तिथल्या विमान नियमांत ‘पार्ट १०३’ नावाचा भाग आहे. त्यात बसणाऱ्या अल्ट्रालाइटला, म्हणजे अतिहलक्या उडत्या यंत्राला, पायलटचा परवाना लागत नाही, हे खरं. पण त्यात बसायचं तर यंत्राला आसन एकच हवं, इंजिनवाल्या यंत्राचं रिकामं वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११५ किलोंच्या आत हवं, इंधन ५ गॅलनपेक्षा जास्त नको, वेग ५५ नॉटच्या (ताशी साधारण १०० किलोमीटरच्या) वर जाता कामा नये. उडायचं दिवसाउजेडी, आणि दाट वस्तीवरून तर नाहीच. एवढ्या अटी पाळल्यावरची ती सूट आहे, आणि ती त्या देशापुरती आहे.

भारतात अशी सूट नाही. आपल्या १९३७ पासूनच्या विमान नियमांत ग्लायडर, बलून आणि मायक्रोलाइट (अगदी हलकं, छोटं विमान) यांच्यासाठी पायलटच्या परवान्याचा वेगळा प्रकारच दिलेला आहे. मायक्रोलाइट दिसायला पतंगासारखं असलं तरी नियमाच्या नजरेत ते विमान आहे. त्याची नोंदणी होते आणि अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरं लिहावी लागतात. पॅराग्लायडिंग आणि पॅरामोटर (पाठीवर इंजिन बांधून उडवायचं पॅराग्लायडर) २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात येतात. पैसे घेऊन ते करवणाऱ्या संस्थांनी आणि त्यांच्या साहित्याने नोंदणीत असणं हा त्या धोरणाचा पायाच आहे.

आपल्या पेडणे तालुक्यात हे कुणी विसरू नये. १८ जानेवारी २०२५ ला केरीच्या पठारावरून उडालेलं पॅराग्लायडर थोड्याच वेळात दरीत कोसळलं. पुण्याची पर्यटक मुलगी आणि तिला घेऊन उडणारा तरुण पायलट, दोघंही गेली. पोलिसांनी ती कंपनी चालवणाऱ्यावर गुन्हा नोंदवला. केरीला जाणाऱ्या प्रत्येकाला खाली समुद्र दिसतो, वर रिकामं आकाश दिसतं आणि वाटतं, इथे कोण विचारणार? पण त्या पठारापासून मोपाची धावपट्टी हवेतून जेमतेम वीस किलोमीटर आहे. दक्षिणेला दाबोळी मोपापासून साधारण चाळीस किलोमीटर, आणि दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. आयएनएस हंसा तिथेच आहे, विमानांचं नियंत्रण नौदलाकडे आहे, आपण नागरी विमानाने जातो ते त्या तळाच्या एका भागातून. एवढ्याशा राज्यावर दोन मोठ्या विमानतळांची वाहतूक आणि वर लढाऊ विमानांचा सराव. खालून जे रिकामं दिसतं ते वाटून दिलेलं आकाश आहे.

“१६ व्या वर्षी स्टुडंट लायसन्स, मित्र-नातेवाइकांना फिरवा.” १६ वर्षं पूर्ण आणि दहावी पास, ही अट बरोबर. त्यासोबत क्लास २ मेडिकल, म्हणजे पायलटांसाठीची ठरलेली वैद्यकीय तपासणी, लागतं, आणि प्रशिक्षण संस्थेत हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान आणि विमानाची तांत्रिक माहिती यांवर परीक्षा होते. हे निरोपात नाही. पण खरी चूक दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे. स्टुडंट लायसन्स म्हणजे शिकण्याचा परवाना. प्रशिक्षकाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली उडायचं, आणि शेजारी कुणालाही प्रवासी म्हणून बसवायचं नाही. मित्राला नाही, भावाला नाही, आईलाही नाही.

ही अट का आहे ते मला पहिल्या सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायच्या, सकाळी कळलं. तीन लँडिंग झाल्यावर सरांनी विमान टॅक्सीवेवर थांबवायला सांगितलं, पट्टा सोडला, दार उघडून उतरले आणि त्यांच्या सीटचा मोकळा पट्टा नीट अडकवून दिला, तो कंट्रोलमध्ये गुंतू नये म्हणून. म्हणाले, “एक सर्किट, धावपट्टीभोवती एकच फेरी. आवडलं नाही तर लँड करू नकोस, परत वर जा.” मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे ढकललं आणि विमान माझ्या अंदाजाआधीच जमीन सोडून वर गेलं. एका माणसाचं वजन कमी झालं होतं, एवढंच कारण. हे गणित मी वर्गात पोरांना शिकवते, तरी हाताला ते नवीन होतं. ठरलेली उंची लवकर आली, वळण लवकर घ्यावं लागलं, आणि उतरताना विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं. त्या पाच-सहा मिनिटांत शेजारी कुणी मैत्रीण ‘ते बघ आमचं कॉलेज’ म्हणत बसली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

प्रवाशाला बसवण्याचा हक्क मिळतो तो पुढच्या पायरीवर, प्रायव्हेट लायसन्सला. तिथेही पैसे घ्यायचे नाहीत. प्रायव्हेट पायलटला भाड्याने किंवा मोबदल्यासाठी उडता येत नाही. ‘किनाऱ्यावरून एक फेरी, इतके हजार’ अशी जाहिरात करून प्रायव्हेट लायसन्सवर कुणी तुम्हाला बसवत असेल, तर तो तुमचा जीव आणि त्याचा परवाना दोन्ही पणाला लावतो आहे.

“४० तासांत, तीन महिन्यांत पूर्ण पायलट, थेट एअरलाइन.” इथे दोन वेगळे परवाने एकात कालवलेत. ४० तास ही प्रायव्हेट लायसन्सची किमान अट आहे. वय १७, शिक्षण दहावी. त्या तासांत एकट्याने केलेला दूरचा प्रवासही असतो. त्यातली एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १५० नॉटिकल मैल म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर. सरळ रेषेत मोजलं तर पणजीहून निघून सातारा मागे टाकावा लागेल. नकाशा मांडीवर, वाऱ्याचा हिशोब स्वतःचा, रेडिओवर बोलणारे आपणच.

एअरलाइनकडे जायचं तर कमर्शियल लायसन्स हवं. त्याला १८ वर्षं वय आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट म्हणून, आणि एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची. रात्रीचं उड्डाण आणि फक्त उपकरणांवर विसंबून केलेलं उड्डाण वेगळं. मेडिकल क्लास १ चं. लेखी पेपरांना ७० टक्के लागतात, शाळेसारखं तेहतीस-पस्तीसवर कुणी पास करत नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्सची अट आहे ती या कमर्शियलला, प्रायव्हेटला नाही. निरोपातलं ‘दहावी पास’ म्हणूनच फसवं आहे. दहावीवर जे मिळतं त्यावर नोकरी नाही, आणि नोकरी ज्यावर मिळते त्याला दहावी पुरत नाही. ते सगळं झाल्यावर एअरलाइन जे विमान वापरते त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची खास पात्रता, वेगळं. सगळा खर्च कित्येक लाखांत जातो. हे आकडे आई-बापांना पहिल्याच भेटीत सांगायला हवेत, टोकन घेतल्यावर नव्हे.

तीन महिन्यांचं म्हणाल, तर तास घड्याळाने मोजले जातात आणि हवामान घड्याळ बघत नाही. आपल्या बाजूला जून ते सप्टेंबर काय असतं ते कुणाला सांगायला नको. माझे कितीतरी दिवस ढगांकडे बघत, चहा पीत गेले. आणि विमान हाताशी असलं तरी चढलं आणि निघालं असं होत नाही. दर उड्डाणाआधी पंखाखाली वाकून टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढायचं आणि उजेडात धरायचं. अॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळं असतं. तळाशी रंगहीन थेंब वेगळा बसलेला दिसला तर ते पाणी. रात्रभर दमट हवेत अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की हे होतं. पाणी दिसलं तर पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं, शुद्ध निळं येईपर्यंत. एकदा मी तीन वेळा काढलं, तेव्हा थेंब गेला. तो थेंब हवेत दोनशे फुटांवर इंजिनात पोचला असता. ४० तासांची अट ही असल्या सवयी हाडात मुरण्यासाठी आहे, आणि बहुतेकांना ४० हून जास्तच लागतात.

“चष्मा असणाऱ्यांनी अर्ज करू नये.” साफ खोटं. चष्मा लावून दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर मेडिकल मिळतं. उडताना चष्मा लावायचा आणि दुसरा जोड हाताशी ठेवायचा. रंग ओळखण्याची तपासणी मात्र मनावर घ्या. ठिपक्यांच्या पाटीतला आकडा दिसत नसेल तर ते पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. म्हणून माझा आग्रह असा की आधी मेडिकल, मग फी. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडेच.

“परदेशी लायसन्स जसंच्या तसं चालतं.” परदेशात शिकायला हरकत नाही, खूप जण शिकतात. पण भारतात नोंदलेलं विमान उडवायला भारतीय परवाना लागतो. परदेशी परवाना इथे बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी इथलं मेडिकल, रेडिओचा परवाना आणि डीजीसीएची परीक्षा. एअर रेग्युलेशन्सचा पेपर कुणाला चुकत नाही, कारण आकाश तेच असलं तरी त्याचे नियम देशागणिक वेगळे. इथल्या दूरच्या उड्डाणाला हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी नंबर घ्यावा लागतो, हे अमेरिकेच्या एखाद्या गावच्या धावपट्टीवर शिकलेल्या मुलाला कोण सांगणार?

“२५० ग्रॅमच्या ड्रोनला कसलाच नियम नाही.” २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. हौसेसाठी वापरलेल्या २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही लागत नाही. सूट आहे ती प्रमाणपत्राची, आकाशाची नव्हे. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरांत जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो, तिथे नियंत्रकाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरांत २०० फुटांच्या वर पिवळा. पाच किलोमीटरांच्या आत लाल. वास्कोतल्या लग्नात किंवा बोगमाळोच्या किनाऱ्यावर ड्रोन काढण्याआधी सरकारचा ड्रोन नकाशा उघडून बघा. ड्रोनचा सराव पायलटच्या तासांत धरला जात नाही, हेही सांगून टाकते.

“गोव्यात प्रचंड मागणी” यावर बोलण्यासारखं फार नाही. एअरलाइनचे पायलट विमानतळ बघून भरले जात नाहीत, कंपनी भरते आणि पाठवेल तिथे जावं लागतं.

त्या आईला मी दोन प्रश्न लिहून दिले. तुमच्या संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत कुठल्या नावाने आहे? आणि या पैशांत नेमका कुठल्या देशाचा, कुठला परवाना मिळणार? तिने माझ्यासमोर बसून फोन लावला, स्पीकरवर. पहिल्या प्रश्नावर समोरचा माणूस म्हणाला, “आमचं टाय-अप आहे.” कुणाशी, असं विचारल्यावर ‘मॅडम ऑफिसला या’ म्हणाला. दुसऱ्या प्रश्नावर फोन कट झाला, आणि नंतर उचलला गेला नाही.

मुलाला मी बेळगावचं सांगितलं आहे. सांबऱ्याच्या विमानतळावर प्रशिक्षण संस्था आहेत, पेडण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मे महिन्यात आई-मुलगा दोघं जाऊन बघणार आहेत. त्याआधी तो क्लास २ मेडिकल करून घेईल. साखळी आईच्या गळ्यात आहे.